मोतीबिंदूची शस्त्रक्रिया : भीति आणि वस्तुस्थिति

घरांतील वडील माणूस तांदूळ निवडावयास बसतें आणि दिवा मंद आहे अशी तक्रार करितें. दिवा बदलला तरी तक्रार कायमच राहते. ओसरीवर आलेला शेजारी केवळ आवाजावरून ओळखावा लागतो. जिन्याची शेवटची पायरी चुकते. कोणी तरी सुचवितो, "मोतीबिंदु असेल, डोळा दाखवून घ्या." त्यावर उत्तर ठरलेलें असतें : "अजून पिकूं दे. थंडी पडली म्हणजे बघूं." घरच्यांनाही हें उत्तर मनांतून सोयीचें वाटतें. या दिरंगाईंत अनेकांचीं वर्षें अंधुक उजेडांत गेलीं आहेत आणि कांहींना तर दृष्टीलाच मुकावें लागलें आहे.

मोतीबिंदु हा डोळ्यावर बाहेरून येणारा पडदा नव्हे. बाहुलीच्या मागें एक पारदर्शक भिंग असतें. वयोमानानें तें गढूळ होतें, यालाच मोतीबिंदु म्हणतात. मधुमेह, डोळ्यास झालेली इजा किंवा स्टेरॉइड औषधांचा दीर्घ उपयोग यांमुळें तो लवकरही येतो. कोणत्याही थेंबांनीं किंवा अंजनानें हें भिंग पुन्हा स्वच्छ होत नाहीं. तें काढणें हाच एक उपाय आहे.

हा उपाय फार जुना आहे. गढूळ भिंग शलाकेनें बाजूस सारण्याचा विधि सुश्रुतसंहितेंत वर्णिलेला आहे. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समधील झाक दाव्हिएल यानें १७४७ सालीं सुरू केली. तथापि भिंग गेल्यावर रोग्यास जाड कांचांचा चष्मा लावावा लागे. दुसऱ्या महायुद्धांत विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले असतां डोळा ते सहन करितो, असें इंग्लंडमधील हॅरल्ड रिडली यांस आढळलें. त्यावरून त्यांनीं १९४९ सालीं लंडन येथें त्याच द्रव्याचें कृत्रिम भिंग प्रथम डोळ्यांत बसविलें. अमेरिकेंतील चार्ल्स केलमन यांनीं १९६७ सालीं ध्वनिलहरींनीं मोतीबिंदु फोडून शोषून घेण्याची युक्ति काढली. १९९२ पासून मदुराई येथील ऑरोलॅब संस्थेंत अशीं भिंगें अल्प खर्चांत तयार होऊं लागलीं, आणि गरिबालाही हा लाभ मिळूं लागला.

मोतीबिंदु पिकूं द्यावा हा समज जुन्या पद्धतींतून आलेला आहे. त्या काळीं कठीण झालेलें भिंग काढणें सोपें जाई. आतां उलट स्थिति आहे. फार पिकलेलें भिंग फोडण्यास अवघड जातें. तें फुगलें किंवा त्यांतील द्रव पाझरला तर डोळ्यांतील दाब वाढून तीव्र वेदना होतात, आणि दृष्टीची नस एकदां नष्ट झाली म्हणजे कोणतीही शस्त्रक्रिया ती परत आणूं शकत नाहीं. नित्याच्या कामांत अडचण येऊं लागली, कीं योग्य वेळ आली असें समजावें. थंडीचीच वाट पाहण्याचेंही आतां कारण उरलेलें नाहीं.

शस्त्रक्रियेपूर्वीं दृष्टि, डोळ्यांतील दाब, रक्तदाब आणि रक्तांतील साखर तपासतात. डोळ्याचें माप घेऊन भिंगाचा नंबर ठरवितात. रोग्यानें आपलीं सर्व औषधें डॉक्टरांस दाखवावीं. विशेषतः रक्त पातळ करणारीं औषधें आणि पुरुषांना लघवीच्या त्रासासाठीं दिलें जाणारें टॅमसुलोसिन यांचा उल्लेख अवश्य करावा. परंतु कोणतेंही औषध स्वतःच्या मनानें बंद करूं नये.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळीं रोगी बहुधा जागाच असतो. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. नंतर थेंबांनीं अथवा डोळ्याभोंवतीं सुई देऊन डोळा बधिर करितात. तोंडावर निर्जंतुक कापड घालून एकच डोळा उघडा ठेवितात. पापण्या लहानशा चिमट्यानें उघड्या राहत असल्यामुळें पापणी मिटेल ही काळजी नको. शस्त्र स्पष्ट दिसत नाहीं. प्रखर उजेड आणि हलणारे रंग तेवढे दिसतात. किंचित् दाब किंवा पाण्याचा गारवा जाणवतो. दुखल्यास सांगावें. खोकला येत असेल तर आधीं बोलावें, एकदम डोकें हलवूं नये. दोन-तीन मिलिमीटरांच्या छेदांतून गढूळ भाग शोषून घेतात आणि घडी घातलेलें नवें भिंग जुन्या पिशवींत उलगडतात. कांहीं ठिकाणीं किंचित् मोठा छेद घेऊन हातानेंच भिंग काढितात. दोन्ही रीतींत बहुधा टांका लागत नाहीं. काम सामान्यतः अर्ध्या तासाच्या आंत संपतें आणि रोगी त्याच दिवशीं घरीं जातो.

पहिले कांहीं दिवस डोळ्यांत कण गेल्यासारखें खुपतें, पाणी येतें, उजेड टोंचतो. रंग, विशेषतः निळा, अधिक उजळ दिसतो. खरी जबाबदारी आतां घरच्यांची असते. हात साबणानें धुवूनच थेंब घालावे. दोन निरनिराळ्या औषधांमध्यें पांच मिनिटें जाऊं द्यावीं. बाटलीचें टोंक पापणीस लागूं देऊं नये. हे थेंब कित्येक आठवडे, सांगितलेल्या क्रमानें कमी करीत जावयाचे असतात. बरें वाटतें म्हणून ते सोडूं नयेत. डोळा चोळूं नये. झोपतांना कवच लावावें. डोक्यावरून स्नान, चुलीचा धूर, जड ओझें आणि पोहणें हीं डॉक्टर सांगतील तितके दिवस टाळावीं. काजळ, मध, गुलाबपाणी यांपैकीं कांहींही डोळ्यांत घालूं नये.

दुखणें किंवा लाली वाढत गेली, पू आला, आलेली दृष्टि पुन्हा कमी झाली, प्रकाशाचे लखलखाट किंवा पडद्यासारखी छाया दिसूं लागली, तर सकाळपर्यंतही थांबूं नये. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाल्यास तासांचें महत्त्व असतें.

जखम पूर्ण भरल्यावर चष्म्याचा नंबर काढतात. साधें भिंग बसविलें असल्यास वाचावयास चष्मा बहुधा लागतोच. तें अपयश नव्हे. मोतीबिंदु पुन्हा येत नाहीं आणि भिंग बदलावें लागत नाहीं. कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं भिंगामागील पापुद्रा गढूळ झाल्यास लेझरनें कांहीं मिनिटांत तो मोकळा करितां येतो. मात्र दृष्टिपटल किंवा नस आधींच बिघडली असेल तर लाभ तितकाच मर्यादित राहतो. हें डॉक्टरांस आधींच विचारून घ्यावें.

तपासणी म्हणजे लगेच शस्त्रक्रिया नव्हे. तांदळांतला खडा दिसेनासा झाला म्हणजे डोळा प्रथम दाखवून घ्यावा. शस्त्रक्रिया केव्हां करावयाची, तें त्यानंतर ठरवितां येतें.