टोपीत दगड ठेवून धर्मग्रंथ लिहिला? मॉर्मन पंथ आणि जादूटोण्याचा वाद नेमका काय आहे?

ऑगस्ट २०१५. अमेरिकेतल्या युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी. मॉर्मन चर्चने पहिल्यांदाच एका दगडाचे फोटो जगासमोर आणले. चॉकलेटी रंग, त्यावर फिकट पट्टे, आकार अंड्यासारखा. शेतात सापडला तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही, असा.

पण या फोटोंनी लाखो अनुयायांना धक्का बसला. चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ हा दगड टोपीत ठेवायचे, टोपीत तोंड घालून बघायचे आणि त्यात दिसणारे शब्द लिहून घ्यायला सांगायचे, असं जुने साक्षीदार सांगतात. त्यातून पंथाचा मुख्य ग्रंथ 'बुक ऑफ मॉर्मन' तयार झाला. आणि असेच दगड वापरून स्मिथ त्याआधी लोकांना जमिनीखालचं गुप्तधन शोधून द्यायचे.

मग हा पंथ जन्माला आला तो दैवी साक्षात्कारातून, की जादूटोण्यातून? हा वाद जवळपास दोनशे वर्षं सुरू आहे. या वादात इतिहासकारांना पंथाबाहेर काढलं गेलं, बनावट कागदपत्रं लाखोंना विकली गेली आणि दोन जणांचा जीवही गेला.

आधी मॉर्मन म्हणजे कोण, ते समजून घेऊ

'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे या चर्चचं अधिकृत नाव. 'मॉर्मन' हे टोपणनाव त्यांच्या ग्रंथावरून पडलं. हे टोपणनाव वापरू नका, असं आवाहन चर्चने २०१८ मध्ये केलं, तरी जगभरात तीच ओळख रूढ आहे. चर्चच्या आकडेवारीनुसार सदस्यसंख्या १ कोटी ७० लाखांच्या पुढे आहे. भारतातही त्यांचे अनुयायी आहेत. बंगळुरूत मंदिर उभारण्याची घोषणा चर्चने २०१८ मध्ये केली होती.

संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म १८०५ साली व्हरमाँट राज्यात झाला. घरची शेती, पण ती धड पिकत नव्हती. वडिलांचा व्यापार बुडाला होता. १८१६ साली तर उन्हाळाच आला नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. त्याच्या राखेने जगाचं हवामान बिघडलं आणि उत्तर अमेरिकेतली पिकं गारठून गेली. हे कुटुंब गाव सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा परिसरात आलं.

त्या भागात तेव्हा धर्माची लाट आली होती. गावोगावी प्रवचनांचे मेळे भरत होते, नवनवे पंथ निघत होते. आणि याच भागात गुप्तधन शोधण्याचं वेडही पसरलं होतं.

गुप्तधनाचं वेड काय होतं?

स्पॅनिश लोकांनी किंवा समुद्री चाच्यांनी इथे खजिना पुरून ठेवलाय, असं लोक मानायचे. त्यावर भुताचा किंवा पिशाच्चाचा पहारा असतो. रात्री जमिनीवर वर्तुळ आखायचं, मंत्र म्हणायचे आणि तोंडातून चकार शब्द न काढता खणायचं. कुणी बोललं की खजिना जमिनीत आणखी खोल सरकतो. खणूनही काही मिळालं नाही, तर त्याचं कारण असं आधीच तयार असायचं.

जागा दाखवायला 'द्रष्टे' असायचे. काहींकडे बेचकीसारखी काठी असायची, आपल्याकडे पाणाड्या पाणी शोधायला वापरतो तशी. काहींकडे 'दिव्यदृष्टीचा' दगड असायचा. इतिहासकार अ‍ॅलन टेलर यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या अभ्यासातून दिसतं, की १७८० ते १८३० या काळात ईशान्य अमेरिकेत हा प्रकार चांगलाच फोफावला होता. बायबल वाचणारी, चर्चमध्ये जाणारी माणसंही यात होती.

जोसेफ स्मिथ यांना यातला एक दगड १८२२ मध्ये शेजाऱ्याची विहीर खणताना मिळाला. हरवलेल्या वस्तू आणि गुप्तधन दाखवणारा मुलगा म्हणून त्यांचं नाव पसरलं. १८२५ मध्ये जोसाया स्टोवेल नावाच्या शेतकऱ्याने त्यांना पेनसिल्व्हेनियात स्पॅनिश चांदीची खाण शोधण्याच्या कामावर ठेवलं. खाण मिळाली नाही. पण तिथे मुक्काम असताना एमा हेल भेटली आणि १८२७ मध्ये दोघांचं लग्न झालं.

कोर्टाचं प्रकरण काय आहे?

मार्च १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेनब्रिज इथे स्मिथ यांना न्यायाधीशासमोर उभं केलं गेलं. हरवलेल्या वस्तू जादूने शोधून देण्याचा दावा करणं हा तिथल्या कायद्यानुसार गुन्हा होता.

अनेक मॉर्मन अभ्यासक बरीच वर्षं म्हणत होते, की अशी सुनावणी झालीच नाही, ही विरोधकांनी रचलेली गोष्ट आहे. पण १९७१ मध्ये संशोधक वेस्ली वॉल्टर्स यांना एका जुन्या तुरुंगाच्या तळघरात त्या न्यायाधीशाचं खर्चाचं बिल सापडलं. त्यात जोसेफ स्मिथ यांचं नाव होतं, पुढे 'काचेत बघणारा' अशी ओळख होती आणि रक्कम होती २ डॉलर ६८ सेंट.

सुनावणी झाली, यावर आता फारसा वाद नाही. निकाल काय लागला, यावर मात्र अजून मतभेद आहेत. काही इतिहासकार म्हणतात दोषी ठरले, काही म्हणतात सुटले.

स्मिथ यांनी स्वतःही ही गोष्ट पूर्ण नाकारली नव्हती. तुम्ही गुप्तधन शोधायचात का, या प्रश्नाला १८३८ मध्ये त्यांनी 'हो' असंच उत्तर दिलं. पण त्यात कमाई काही नव्हती, महिन्याला फक्त १४ डॉलर मिळायचे, असंही ते म्हणाले.

गुप्तधन ते धर्मग्रंथ

स्मिथ यांच्या सांगण्यानुसार, २१ सप्टेंबर १८२३ च्या रात्री मोरोनाय नावाचा देवदूत त्यांच्यासमोर आला. जवळच्या टेकडीत सोन्याचे पत्रे पुरलेले आहेत आणि त्यावर अमेरिकेतल्या प्राचीन लोकांचा इतिहास कोरलेला आहे, असं त्याने सांगितलं. चार वर्षं दर २२ सप्टेंबरला स्मिथ तिथे गेले आणि १८२७ मध्ये पत्रे त्यांच्या हाती आले. पत्र्यांसोबत भाषांतरासाठी चौकटीत बसवलेले दोन दगडही मिळाले, असं ते सांगत. पण बरचसं भाषांतर त्यांनी आपल्या जुन्या चॉकलेटी दगडातूनच केलं, असं साक्षीदारांच्या जबाबांतून दिसतं.

१८३० च्या मार्चमध्ये ग्रंथाच्या ५,००० प्रती छापल्या गेल्या. त्यासाठी मार्टिन हॅरिस या अनुयायाने आपलं शेत गहाण ठेवलं. ६ एप्रिल १८३० रोजी चर्चची स्थापना झाली.

टीकाकारांना इथे जुनाच साचा दिसतो. रात्रीची वेळ, जमिनीत पुरलेलं सोनं, त्यावरचा अलौकिक राखणदार आणि दगडातून बघणारा द्रष्टा. श्रद्धावान म्हणतात, देव माणसाशी त्याला कळेल त्या भाषेतच बोलतो.

१८३४ मध्ये एबर हाऊ यांनी स्मिथ यांच्याविरोधात पुस्तक काढलं. त्यात शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं होती. गुप्तधनासाठी वर्तुळं आखली, काळ्या मेंढीचा बळी दिला, असे आरोप त्यात आहेत. पण ही प्रतिज्ञापत्रं ज्याने गोळा केली, त्याला चर्चमधून हाकललं होतं. त्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा, यावर इतिहासकार आजही भांडतात.

चर्चच्या कागदपत्रांतही एक खूण सापडते. ऑलिव्हर काउडरी हे ग्रंथाचे मुख्य लेखनिक. त्यांना मिळालेल्या दैवी देणगीचं वर्णन १८३३ च्या छापील प्रतीत काठी चालवण्याची देणगी असं आहे. १८३५ च्या आवृत्तीत काठी गेली आणि तिथे बायबलमधल्या आरोनचं नाव आलं.

खोटं पत्र आणि खरे बॉम्ब

१९८४ मध्ये या वादाचा भडका उडाला. मार्टिन हॅरिस यांनी १८३० मध्ये लिहिलेलं एक पत्र सापडल्याची बातमी आली. त्यात देवदूताचा पत्ताच नव्हता. सोन्याच्या पत्र्यांवर पहारा देत होता एक पांढरा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा जीव. जुन्या युरोपीय जादूविद्येत तो आगीत राहणारा मानला जातो. एका मॉर्मन उद्योजकाने हे पत्र ४० हजार डॉलरना विकत घेतलं आणि पुढे चर्चला दिलं. तज्ज्ञांनी ते खरं असल्याचा निर्वाळा दिला होता. चर्चचे ज्येष्ठ नेते डॅलिन ओक्स यांनी तर १९८५ मध्ये भाषणात सांगितलं, की सॅलमँडर या शब्दाचा आगीत राहू शकणारा असाही अर्थ होतो, तेव्हा तो देवदूताबद्दलही असू शकतो.

गंमत म्हणजे या पत्रावर सुरुवातीलाच शंका घेतली ती चर्चचे कट्टर टीकाकार जेराल्ड टॅनर यांनी. पत्र त्यांच्या बाजूचं होतं. तरी त्यातली भाषा १८३४ च्या पुस्तकावरून उचलल्यासारखी वाटते, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

ही शंका खरी निघाली. १५ ऑक्टोबर १९८५ रोजी सॉल्ट लेक सिटीत दोन बॉम्बस्फोट झाले. पत्र विकत घेणारा उद्योजक आणि त्याच्या माजी भागीदाराची पत्नी ठार झाली. दुसऱ्या दिवशी तिसरा बॉम्ब फुटला आणि त्यात जखमी झाला मार्क हॉफमन, जुन्या कागदपत्रांचा तोच व्यापारी ज्याच्याकडून हे पत्र आलं होतं. तपासात सूक्ष्मदर्शकाखाली शाईला विचित्र तडे दिसले. शाई कृत्रिमरीत्या जुनी केली होती. आपली बनवाबनवी उघड होईल, या भीतीने हॉफमनने खून केले होते. १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली.

पत्र खोटं, मग वाद संपला का?

नाही. त्याच वर्षी, १९८७ मध्ये, मायकेल क्विन यांचं पुस्तक आलं. क्विन हे चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक आणि स्वतः श्रद्धावान मॉर्मन. हॉफमनची कागदपत्रं बाजूला ठेवून त्यांनी दाखवलं, की स्मिथ यांच्या भोवतालचं जग लोकजादूने भरलेलं होतं. स्मिथ कुटुंबाच्या वारसांकडे जपलेले मंत्र-आकृत्यांचे कागद आणि मंगळाचं चिन्ह असलेला खंजीर यांचा दाखला त्यांनी दिला. गुरू ग्रहाचं चिन्ह असलेलं ताईतही त्यांनी स्मिथ यांचंच मानलं.

त्यावर मॉर्मन अभ्यासकांनी जोरदार टीका केली. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एक दुसरीतून आली असं सिद्ध होत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ताईत खरंच स्मिथ यांचं होतं का, कारण ते त्यांचं असल्याचा दावा बऱ्याच नंतरचा आहे. आणि शेतात राबणाऱ्या, जेमतेम शिकलेल्या मुलाने युरोपातले दुर्मीळ जादूग्रंथ कुठून वाचले? क्विन यांचं उत्तर असं, की पुस्तकं, पंचांगं आणि ऐकीव ज्ञान खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचत होतं.

क्विन यांनी १९८८ मध्ये नोकरी सोडली. १९९३ मध्ये चर्चने त्यांना बहिष्कृत केलं. त्याआधी स्मिथ यांचं चरित्र लिहिणाऱ्या फॉन ब्रोडी यांच्यावरही १९४६ मध्ये हीच वेळ आली होती. क्विन यांची श्रद्धा मात्र २०२१ मध्ये मृत्यू होईपर्यंत टिकून होती.

१९९४ मध्ये जॉन ब्रूक यांनी आणखी पुढचा दावा केला. मॉर्मन विचारांची मुळं युरोपातल्या किमयागारांच्या गूढविद्येत आहेत, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकाला अमेरिकेतला मानाचा बँक्रॉफ्ट पुरस्कार मिळाला, पण धागे ओढूनताणून जोडल्याची टीकाही झाली. स्मिथ १८४२ च्या मार्चमध्ये फ्रीमेसन या गुप्त संघटनेचे सदस्य झाले आणि मे महिन्यात त्यांनी मंदिरातला नवा विधी सुरू केला. दोन्हींतली काही चिन्हं आणि खुणा सारख्या आहेत. हे साम्य चर्चही आता मान्य करतं.

आज चर्च काय म्हणतं?

चर्चच्या चित्रांमध्ये अनेक दशकं जोसेफ स्मिथ सोन्याच्या पत्र्यांवर बोट ठेवून वाचताना दिसायचे. टोपी नाही, दगड नाही. मग इंटरनेट आलं. जे संदर्भ ग्रंथालयात शोधावे लागायचे, ते एका सर्चवर दिसायला लागले. आपल्याला हे आधी का सांगितलं नाही, असं विचारत काही जण चर्च सोडू लागले. २०१३ मध्ये चर्चने आपल्या वेबसाइटवर दगड आणि टोपीची माहिती दिली, २०१५ मध्ये फोटो आले आणि २०१८ च्या अधिकृत इतिहासातही हा भाग आला.

स्मिथ यांचे चरित्रकार आणि श्रद्धावान मॉर्मन रिचर्ड बुशमन यांनी २००५ मध्ये वेगळी मांडणी केली. दगडात बघण्याच्या सवयीमुळेच अदृश्य गोष्टींवर विश्वास ठेवायची स्मिथ यांची तयारी झाली, असं ते म्हणतात. म्हणजे जी गोष्ट टीकाकारांसाठी आरोप आहे, ती त्यांच्यासाठी पूर्वतयारी आहे.

घटनांबद्दलचा वाद आता बराच कमी झालाय. स्मिथ गुप्तधन शोधायचे, दगड वापरायचे, कोर्टात उभे राहिले, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. वाद उरलाय तो शब्दांचा. १८२० च्या पाल्मायरातला शेतकरी सकाळी बायबल वाचायचा, रात्री दगडात बघायचा आणि दोन्हीला देवाचीच करणी समजायचा. त्यातल्या कशाला धर्म म्हणायचं आणि कशाला जादू, हे ठरवलं पुढच्या पिढ्यांनी. दगडात काय दिसलं, याचं उत्तर इतिहासकाराच्या कुठल्याच कागदात नाही. पण दगड होता, हे लपवून ठेवल्याची किंमत चर्चला दगडापेक्षा जास्त मोजावी लागली.