पूर्वेची खाडी, पश्चिमेचा येऊर

ठाण्यातल्या बाळकुमच्या खाडीकाठी हिवाळ्यात सकाळी चित्र काढायला बसायचं, तर आधी तोंड कुठं करायचं ते ठरवावं लागतं. पूर्वेला कशेळी-काल्हेरचा काठ, पश्चिमेला इमारतींच्या डोक्यावरून येऊरचे डोंगर. हवा एकच, पण चित्रातली खोली वेगळी.

पूर्वेला सूर्य समोर असतो. हवेतले धुळीचे आणि पाण्याचे कण उजेड पुढच्या दिशेनं, म्हणजे आपल्याकडेच, जास्त फेकतात. त्यामुळे धुरकट पडदा उजळतो आणि पलीकडची गोदामं, मेट्रोचे खांब सगळं एका सपाट राखाडीत विरतं. येऊरकडे वळलं की सूर्य पाठीशी; तिथं झाडी आणि डोंगराच्या घड्या स्पष्ट दिसतात.

लांबचं ते निळं, हे आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वयातच घोकतो. लिओनार्दोनं ते लिहून ठेवलं. १८९९ साली भौतिकशास्त्रज्ञ रॅलेनं कारण दाखवलं: हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. पण धूळ आणि धुक्याचे थेंब रेणूंहून फार मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून इथलं लांबचं दुधाळ असतं, कधी गढूळ पिवळट. पुस्तकी कोबाल्ट ब्लू बाळकुमला खोटाच वाटतो.

कागद ओला करून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा पातळ वॉश, सूर्याच्या बाजूला किंचित यलो ओकर. तो पुरता सुकायच्या आत पलीकडचा काठ, जेमतेम एक टोन गडद, कडा विरघळलेल्या. मग थांबायचं. खाडीवरच्या दमट हवेत कागद सुकता सुकत नाही आणि घाई केली की चित्र चिखलतं. नंतर अलीकडची तिवरं, रंग दाट, कडा धारदार. शेवटी ओहोटीनं उघडा पडलेला खरा चिखल: सगळ्यात गडद तपकिरी आणि सगळ्यात पांढरी चमक इथंच, शेजारी शेजारी. पलीकडचा काठ मागे सरकतो तो या विरोधामुळे.

पावसाची सर येऊन गेली की सगळंच उलटतं. धुतलेल्या हवेत येऊर गडद हिरवा होऊन अंगावर येतो. तेव्हा एकमेकांना झाकणाऱ्या आकारांवरच खोली उभी करावी लागते.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत, ओहोटीची वेळ पाहून, उजाडायच्या सुमाराला जा. ऊन चढलं की पडदा पातळ होतो. आणि कागद दोन न्या, एक पूर्वेसाठी, एक येऊरसाठी.