रानात बसायचं कशावर?

अमेरिकेत वसंत ऋतू लागला की पहाटेच्या अंधारात डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्यांच्या पाठीवर एक गमतीशीर वस्तू दिसते : जेमतेम वीतभर उंचीची घडीची खुर्ची. खांद्यावर बंदूक, खिशात मादीच्या आवाजाची नक्कल करणारी लाकडी डबी आणि पाठीला ही खुर्ची. शिकार असते रानटी टर्कीची. वाढलेला नर सात ते अकरा किलोंचा भरतो. वास घेण्याच्या बाबतीत हा पक्षी यथातथाच, पण नजर अशी की झाडाखाली बसलेल्याने नाकावरची माशी हाकलली तरी तो आल्या वाटेने नाहीसा होतो. म्हणून त्याच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. विणीच्या हंगामात नर माद्यांना साद घालत असतो. शिकाऱ्याने एक जागा धरायची, डबी घासून मादीचा आवाज काढायचा आणि नर चालत येईपर्यंत दगड होऊन राहायचं. कधी अर्धा तास, कधी तीन.

शेकडो वर्षांच्या अनिर्बंध शिकारीनंतर 1930च्या दशकात अमेरिकेत हे पक्षी दोन लाखांच्या आसपास उरले होते. पुढे त्यांना पकडून नव्या जंगलांत सोडण्यात आलं, शिकारीचे हंगाम बांधून दिले गेले आणि संख्या साठ लाखांच्या घरात पोचली. त्यामुळे तिथे परवाना काढून टर्की मारता येते, आणि शिकारी लोक बसण्याच्या साधनांवर तासन्‌तास वाद घालू शकतात. वाद अगदीच पोकळ नसतो. सपाट रानात जाड गादीचा तुकडा पुरतो. अ‍ॅपलाशियन डोंगरांच्या उतारावर मात्र गादी घसरते आणि तिच्याबरोबर माणूसही. टाचा रोवून स्वतःला धरून ठेवावं लागतं, मांड्या थरथरतात, पायाला मुंग्या येतात. मग माणूस हलतो, आणि पक्षी ते बघतो. खुर्ची घेतली तर एक ते अडीच किलोंचं ओझं चढावर न्यायचं, तिचे नळीचे पाय एकमेकांवर आपटून खणखणू नयेत म्हणून पट्ट्याने आवळायचे, आणि बसताना डोंगराकडचे पाय मातीत थोडे दाबून बैठक समतल करायची. ज्या खुर्च्यांचे पाय कमीजास्त करता येतात त्यांना भाव येतो तो इथे. उंची मात्र कुणी वाढवत नाही. गुडघे वर राहिले की त्यावर बंदूक टेकते आणि माणसाची आकृती झुडपात मावते.

या बैठकीचा दुसरा नियम जिवाशी निगडित आहे. पाठीमागे खांद्यांपेक्षा रुंद बुंधा हवा. त्याने आकृती लपते, टेका मिळतो, आणि झुडपातून येणारा मादीचा हुबेहूब आवाज ऐकून दुसऱ्याच शिकाऱ्याने मागून गोळी झाडली तर ती लाकडात जाते. असे अपघात तिथे झालेले आहेत. जमिनीलगत बसून पक्ष्यासारखा ओरडणारा माणूस दुसऱ्याला पक्षीच वाटू शकतो.

नेमक्या याच मुद्द्यावर विदर्भातला वर्धा जिल्हा अमेरिकेपासून वेगळा पडतो. इथे टर्की नाही, शिकारीचा तर प्रश्नच नाही. वाघाच्या शिकारीवर 1970मध्ये देशभर बंदी आली, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाकीच्या बंदुकांनाही लगाम घातला. जिल्ह्यातलं बोर अभयारण्यही 1970चंच. 2014मध्ये ते राज्यातला सहावा व्याघ्र प्रकल्प झालं. गाभा क्षेत्र सुमारे 138 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सर्वांत छोट्या प्रकल्पांपैकी एक. हिंगणीच्या बाजूने धरणाकडे जाणाऱ्याला वाटतं, हे काय, टेकड्याच तर आहेत. पण गरमसूरच्या बाजूचे उतार काळ्या दगडाचे आणि सुट्या गोट्यांचे. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पानं त्यावर पसरली की पायाखाली दगड आहे की पोकळी ते कळत नाही, आणि प्रत्येक पावलाचा आवाज दूरवर जातो. इथे काही बघायचं असेल तर चालण्यापेक्षा बसणं बरं, हे टर्कीच्या शिकाऱ्याचं शहाणपण इथल्या माणसालाही पूर्वापार ठाऊक आहे. फरक एवढाच की वीतभर उंचीची खुर्ची इथे टाकायची सोय नाही.

कारण वाघ. विदर्भात वाघाने माणसावर केलेल्या हल्ल्यांच्या बातम्या वाचल्या तर त्यांत मोहफुलं वेचणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारा मजूर, वावरात निंदण करणारी म्हातारी, शौचाला बसलेला माणूस पुन्हा पुन्हा येतात. उभा माणूस वाघाच्या सवयीच्या भक्ष्यात बसत नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस मात्र उंचीने आणि आकाराने चार पायांच्या जनावराजवळ जातो. गटाने जा, अधूनमधून उभं राहून बोलत राहा, असं वनखातं हंगामाआधी सांगतं ते यासाठीच. ज्या बसण्यामुळे अमेरिकेतला शिकारी टर्कीला दिसत नाही, तेच बसणं इथे माणसाला भक्ष्याच्या मापात आणून ठेवतं. म्हणून या मुलखात बैठक वर गेली. झाडावर.

मध्य प्रांतातल्या शिकारीच्या काळात यासाठी वेगळं सामान लागत नसे. गावातून एक बाज उचलायची, झाडाच्या दुबेळक्यात दोरांनी आवळून बांधायची, भोवती पाल्याचा आडोसा करायचा, झालं मचाण. सुंभाने विणलेली बाज वजनाला हलकी, दोन माणसं ती टेकडीवर सहज नेत, आणि विणकामामुळे अंगाखाली हवा खेळती राही. साहेब वर बसत. बाज वाहणारे, हाका घालणारे आणि जनावराचा माग काढणारे यांची नावं पुस्तकांत फारशी आली नाहीत.

डोंगराळ मुलखातली सर्वांत प्रसिद्ध बैठक मात्र कुमाऊँ-गढवालकडची. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी जिम कॉर्बेट गुलाबराय इथे यात्रेच्या वाटेवरच्या आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसला, आणि मे 1926मध्ये तिथूनच त्याने तो मारला. त्या मोहिमेत गोळी एका क्षणाची होती, बाकी सगळं बसणं होतं.

फासेपारध्यांची तऱ्हा निराळी. विदर्भाच्या माळांवर तितर धरण्यासाठी ते पाळीव तितराचा पिंजरा नेत, तो ओरडला की हद्दीतला रानतितर भांडायला धावून येई आणि भोवती मांडलेल्या फाशांत अडके. टर्कीच्या लाकडी डबीचं काम इथे जिवंत पक्षी करी. शिकवलेल्या जनावराच्या आडून दबकत पुढे सरकण्याची त्यांची रीतही जुन्या वर्णनांत सापडते : बसायला काही नाही, पण लपायला चार पायांचा चालता आडोसा आहे. 1871पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींबरोबर पारध्यांच्या कपाळीही जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का आला. तो कायदा 1952मध्ये गेला, शिक्का पुसायला अजून वेळ लागतो आहे. या लोकांची पक्ष्यांविषयीची जाण किती पक्की, ते मारुती चितमपल्लींच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पक्ष्यांच्या नावांचा आणि सवयींचा मोठा साठा वनखात्यातल्या या लेखकाने पारधी, गोंड अशा रानातल्या माणसांकडूनच गोळा केला.

आणि गुराखी. आर्वी-कारंजा भागात गवळाऊ जनावरं चारणारा माणूस दिवसभरात खाली बसतो फार थोडा वेळ. काठी छातीशी किंवा काखेत रेटायची, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर टेकवायचा आणि तासभर उभ्या उभ्या विसावा घ्यायचा. इंग्रजांनी यासाठी मुठीची घडी उघडली की छोटी बैठक होते अशी खास छडी काढली होती, तिला टोकाजवळ चकती असे, म्हणजे छडी जमिनीत रुतू नये. गुराख्याच्या काठीला चकती लागत नाही. शिवाय वाघ आला तर उठायचा वेळ वाचतो, आणि तीच काठी हातात असते.

या जिल्ह्याचं नाव जगात पोचलं ते जमिनीवरच्या बैठकीमुळे, हीही एक मजाच. सेवाग्रामच्या बापू कुटीत गांधीजींची गादी आणि बसकं मेज आजही पाहायला मिळतं. त्याच आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा ठेवलेला आहे, पकडलेला साप दूर नेऊन सोडून देत. जमिनीवर बसायचं ठरवलं की शेजारी कोण येईल याची तयारी ठेवावी लागते, अगदी आश्रमातसुद्धा.

मचाणाचा खरा मालक मात्र शिकारी नव्हेच, शेतकरी. बोरच्या कडेच्या गावांत रब्बीचा हरभरा, गहू उभा राहिला की जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत पट्टाच्या पट्टा उकरून टाकतो, रोही उभं पीक तुडवतात. धुऱ्याजवळ चार बल्ल्या रोवून, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढ्या उंचीवर फळ्या किंवा बांबू टाकायचे, वर तुराट्या-गवताचं छप्पर. तिथे घोंगडं, पाण्याचा डबा, बॅटरी, आणि वाजवायला पत्र्याचं रिकामं पिंप. चढायला शिडीच्या जागी बहुतेकदा आडव्या बांधलेल्या दोन-तीन काठ्या. वर बसलेल्याला वावर एका नजरेत येतं आणि पाठीकडून कुणी येईल ही भीती कमी होते. पण डोळा लागला की संपलं. डुकरांना घोरण्याचा अर्थ बरोबर कळतो, असं जागली सांगतात.

थंडीत रात्रीमागून रात्री जागणं कुणाला हवं असतं? या जागरणावर काहींनी काढलेला उपाय म्हणजे कुंपणाच्या तारेत सोडलेली चोरटी वीज. त्याची सर्वांत गाजलेली किंमत याच जिल्ह्यात मोजली गेली. ब्रह्मपुरी भागात हल्ल्यांमुळे पकडलेली एक वाघीण 2017च्या पावसाळ्यात बोरमध्ये सोडण्यात आली. ती तिथे टिकली नाही, भटकत राहिली, पुन्हा माणसं दगावली, तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. वनखात्याची पथकं मागावर असतानाच ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात ती विजेच्या तारेला चिकटून मेली. तार डुकरांसाठी होती. मचाणावरचा माणूस निदान समोर काय आलं आहे ते बघतो, तार बघत नाही. आता सौर कुंपणावर अनुदान मिळतं. त्याचा झटका थांबून थांबून बसतो आणि जीव घेत नाही. ते नीट चाललं तर जागलीची गरज कमी होते. वेली तारेवर चढल्या, बॅटरी उतरली की घोंगडं पुन्हा वर जातं.

बंदूक सोडून रानात बसायची रीत मराठी वाचकांना शिकवली ती व्यंकटेश माडगूळकरांनी. एके काळी स्वतः शिकार करणारा हा माणूस पुढे नुसतं बघायला नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिला आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक आलं. आज ती हौस भागवायची अधिकृत संधी म्हणजे बुद्धपौर्णिमेची रात्र. पूर्वी याच रात्री पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांची प्रगणना होई : वैशाखात पाणी मोजक्या जागी उरतं, चांदण्यात दिसतं, आणि जनावराला एकदा तरी यावंच लागतं. एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर मोजला जाण्याचा दोष त्यात होता. 2006पासून वाघांची मोजणी स्वयंचलित कॅमेरे आणि संख्याशास्त्राच्या आधाराने होऊ लागली आणि ही रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून उरली. बोरमध्येही ती होते.

तिथे बसण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मचाण गोल बांबूचं किंवा बल्ल्यांचं असतं आणि दोन बल्ल्यांमधली फट बरोबर मांडीच्या हाडाखाली येते. पहिल्या तासाला हौस असते. दुसऱ्या तासाला माणूस बूड हलवतो, बांबू करकरतो, आणि पाण्यावर यायला निघालेलं सांबर झाडीतच थबकतं. नवशिके फुगवायची उशी आणतात, ती रबरासारखी कुईकुई वाजते. घडीची खुर्ची तर वर नेऊच नये. तिचे पाय फटीत जातात आणि बसलेल्याचं डोकं आडोशाच्या वर निघतं. जुनी माणसं जाड सतरंजी चौपदरी करून आणतात आणि वर चढल्याबरोबर, ऊन असतानाच, पाय कुठे पसरायचे ते ठरवून घेतात. अत्तर नाही, पांढरा सदरा नाही, खाऊच्या प्लास्टिकच्या पिशव्या नाहीत. सकाळी वनरक्षक घ्यायला येईपर्यंत खाली उतरायचं नाही, म्हणून पाणी भरपूर न्यायचं आणि जपून प्यायचं.

ती वीतभर खुर्ची वर्ध्यात अगदीच निरुपयोगी मात्र नाही. जिल्ह्यात पक्षी बघणाऱ्यांचा राबता आहे, आणि हिवाळ्यात उघड्या तलावांच्या काठी, जंगलापासून दूर, चक्रवाक किंवा पट्टकदंब बघायला ती उत्तम. बांधाच्या उतारावर ती कलते, तेव्हा अमेरिकन शिकाऱ्याचीच युक्ती : वरच्या अंगाचे पाय दाबायचे, टाचा खालच्या अंगाला, आणि पाठीमागे बाभूळ असेल तर बसण्यापूर्वी काटे बघून घ्यायचे.