जोत्याच्या चार पायऱ्या

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालं. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. एकाच जिल्ह्यासाठी असलेलं हे विद्यापीठ शहराबाहेर, पुणे रस्त्यावर केगावला आहे. अपंग विद्यार्थ्यांच्या प्रश्नात त्याचं वय महत्त्वाचं ठरतं. मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं दीक्षान्त सभागृह १८७४चं. सोलापुरातलंच दयानंद महाविद्यालय १९४०चं, संगमेश्वर १९५३चं. त्या काळी नकाशात चाकाच्या खुर्चीसाठी जागा ठेवा, असं सांगणारा कायदाच नव्हता. सोलापूर विद्यापीठ जन्मलं तेव्हा मात्र १९९५चा अपंग व्यक्ती कायदा लागू होऊन आठ वर्षं उलटली होती. ‘इमारत जुनी आहे, आता काय करणार?’ ही सबब इथं फारशी टिकत नाही.

कुवतीची पळवाट

१९९५च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना रॅम्प हवेत, असं लिहिलं होतं. पण ‘आर्थिक कुवतीनुसार’ ही मेखही मारून ठेवली होती. कुवत कुणी ठरवायची? ज्याच्या खिशातून पैसा जाणार, त्यानंच! २०१६च्या नव्या कायद्यात इमारतींपुरती ही मेख निघाली. शिक्षणासाठी वापरली जाणारी खासगी इमारतही ‘सार्वजनिक’ ठरली. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा अपंगांसाठी राखीव झाल्या. नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या इमारतींना त्यापुढं पाच वर्षांची मुदत मिळाली. ती कधीच सरली.

दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुडी यांनी २००५ साली सुगम्यतेसाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. निकाल लागला डिसेंबर २०१७ मध्ये. पुढं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कामकाजाच्या अखेरच्या दिवशी, याच प्रकरणात न्यायालयानं सुनावलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत.

एकास बारा

सुगम्यतेच्या नियमांत मोजमापाचा आग्रह सुरू झाला तोही एका विद्यापीठातच. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांना शिकता यावं म्हणून अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी १९४८ साली एक उपक्रम सुरू केला. त्याच अनुभवातून १९६१ साली अमेरिकेचं पहिलं सुगम इमारतींचं मानक तयार झालं. उताराचं ‘एकास बारा’ हे प्रमाण त्यात होतं. आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतही तेच आहे.

त्याचा अर्थ टेप हातात घेतल्यावर कळतो. इमारतीचं जोतं ६० सेंटिमीटर उंच असेल, तर पंधरा सेंटिमीटरच्या चार पायऱ्या होतात. तेवढी उंची चढायला रॅम्प ७.२ मीटर लांब हवा. वर आणि खाली खुर्ची वळवायला दीड मीटरची सपाट जागा हवी. दोन्ही बाजूंना कठडे हवेत. प्रत्यक्षात जागा वाचवायला अडीच मीटरचा उतार ओतला जातो. त्यावरून शिपायाची मोटारसायकल आरामात चढते. पण खुर्चीवरचा विद्यार्थी एकट्यानं चढायला गेला, तर मागं कलंडतो. तपासणीच्या तक्त्यात मात्र ‘रॅम्प : आहे’ अशी बरोबरची खूण पडते.

सोलापुरात आणखी दोन गोष्टींचं भान ठेवावं लागतं. एक म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि उघड्यावरचा स्टीलचा कठडा दुपारी हाताला चटका देतो. वर छप्पर लागतंच. दुसरी म्हणजे शहाबादी फरशी. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी ही फरशी स्वस्त आणि टिकाऊ खरी. पण पॉलिश केलेली फरशी ओली झाली की कुबडी सटकते, आणि सांधे नीट भरले नसले तर खुर्चीची पुढची लहान चाकं फटीत अडकतात.

फाटकाच्या अलीकडं

जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याहून किंवा करमाळ्याहून येणाऱ्या अपंग मुलीचा प्रवास विद्यापीठाच्या फाटकाच्या कितीतरी आधी सुरू होतो. एसटीच्या भाड्यात अपंगांना ७५ टक्के सवलत आहे, पायरीच्या उंचीत नाही. मग स्थानकावरून केगावला, महामार्गावरून आत, तिथून विभागापर्यंत आणि शेवटी वरच्या मजल्यावरच्या वर्गात. यातला एक टप्पा हुकला, की बाकीच्यांवरचा खर्च वाया जातो. लिफ्ट आहे पण वीज गेली. स्वच्छतागृह आहे पण कुलपाची किल्ली शिपायाकडं आणि शिपाई जेवायला गेलेला. अशा वेळी मुली दिवसभर पाणी पिणं टाळतात. अंध विद्यार्थ्याला तर रॅम्पपेक्षा पायाखालच्या स्पर्शपट्ट्या आणि बोलणारी लिफ्ट जास्त गरजेची असते.

यातलं काहीच अवघड तंत्रज्ञान नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था त्यांनी १९८४ साली उभी केली, तेव्हा १९९५चा कायदाही व्हायचा होता. वापरणारा माणूसच ठरवणारा असला, की जिना कुठं नको ते कुणी सांगावं लागत नाही.

विद्यापीठांतली अडचण नेमकी इथंच आहे. नकाशा वास्तुविशारद काढतो, बांधकाम विभाग तपासतो, ठेकेदार बांधतो. वापरणाऱ्याला उद्‌घाटनानंतर बोलावतात. २०१६च्या कायद्याचं कलम ४४ यावरचा उपाय सांगतं: नियम पाळले नसतील तर नकाशाला मंजुरी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही, ताबाही नाही. या कलमाला धार यायची, तर पाहणी समितीत खुर्चीवरचा एक आणि पांढरी काठी घेतलेला एक विद्यार्थी हवा, आणि ठेकेदाराचं अखेरचं बिल त्यांच्या सहीशिवाय निघता कामा नये.