नव्या डिस्कवर विंडोज बसेना

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या भागात रात्री कुणाचा 'ताबडतोब ये' असा फोन आला, की माणूस आधी बॅटरी आणि काठी शोधतो. उसात बिबट्या असतो. डिसेंबर २०२३ मध्ये माझ्या चुलतभावाचा, अण्णांचा असाच फोन आला. मी नारायणगावात संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि अण्णांचं गाव घोडेगावच्या अलीकडे. मंचरमार्गे पोचेपर्यंत साडेआठ वाजले.

बिबट्याचं काही नव्हतं. अण्णांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ ८०-९० जण दूध घालतात. लिटर, फॅट, एसएनएफ सगळं संगणकात नोंदलं जातं आणि दर १० दिवसांनी त्यावरून पगार निघतो. दुधाच्या पैशाला आमच्याकडे पगारच म्हणतात. त्या संगणकाची हार्ड डिस्क दोन दिवस टिकटिक आवाज करत होती. पुतण्याने शहाणपणा करून नवी एसएसडी आणली, पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतलं, आणि चार वेळा एकच उत्तर आलं: या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही. दुसऱ्या दिवशी पगार.

"काका, डिस्कच खराब दिलीय. उद्या परत करू," पुतण्या म्हणाला. तोवर त्याचा हात माऊसवर होता आणि पडद्यावरचा बाण 'फॉरमॅट'च्या बटणावर.

मी आधी संगणकाची वायर ओढली.

कारण सांगतो. पडद्यावर दोन डिस्क दिसत होत्या, ड्राइव्ह ० आणि ड्राइव्ह १. संगणक मोजणी शून्यापासून करतो. (आमच्या नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात आकडे आहेत, पण शून्य नाही. त्या काळी हा गोंधळ झाला नसता.) दोन्हींपुढे आकडा एकच होता, ४६५ जीबी. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून ५०० ची डिस्क ४६५ ची दिसते. जुनीही ५०० ची, नवीही ५०० ची. पुतण्या ज्या 'शून्या'वर फॉरमॅट मारणार होता, ती जुनी होती. १० दिवसांचं दूध तिच्यावर होतं.

तेव्हा ज्यांनी कागद-पेन्सिल घेतली असेल त्यांनी हे पहिलं लिहावं. नव्या डिस्कवर विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. यात आणखी एक फायदा आहे. दोन्ही जोडलेल्या असल्या, की सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायली विंडोज कधी कधी जुन्या डिस्कवरच ठेवतं. मग घर नव्या जागेत आणि किल्ली जुन्या जागेत. चार महिन्यांनी जुनी डिस्क काढली, की संगणक सुरूच होत नाही आणि का होत नाही ते कुणाला कळत नाही.

जुनी डिस्क मी माझ्या लॅपटॉपला यूएसबी केसमधून जोडली. टिकटिक चालूच होती. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवत बसू नये, तेवढ्या श्रमानेही ती जाते. सगळी डिस्क उतरवण्याचा हव्यासही धरला नाही. दुधाच्या नोंदींचा एक फोल्डर निवडला, नक्कल करायला लावला आणि लॅपटॉप पेंडीच्या पोत्यावर ठेवून दिला.

आता नवी डिस्क. ती खराब नव्हती, हे पडद्यावरच लिहिलेलं होतं, फक्त ते कुणी पूर्ण वाचलं नव्हतं. आपण पहिली ओळ वाचतो आणि घाबरतो. कारण दुसऱ्या ओळीत असतं. तिथे म्हटलं होतं की डिस्कवर एमबीआर पद्धतीचा तक्ता आहे आणि या संगणकाला जीपीटी पद्धतीचा लागतो.

हे काय प्रकरण आहे? डिस्क म्हणजे मोकळं रान समजा. त्याचे गट कुठून कुठवर, हे लिहिलेलं दप्तर डिस्कच्या सुरुवातीलाच असतं. एमबीआर हे जुनं दप्तर, १९८३ पासूनचं. त्यात मुख्य हिस्से चारच मांडता येतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जमीन त्याच्या मोजणीतच बसत नाही. जीपीटी हे नवं दप्तर. विंडोज त्यात १२८ हिस्से मांडू देतं. संगणक सुरू करणारी व्यवस्थाही दोन तऱ्हेची, जुनी बायोस आणि नवी यूईएफआय. विंडोजचा हट्ट असा, की यूईएफआयमधून सुरुवात केलीत तर दप्तर जीपीटीच हवं आणि बायोसमधून केलीत तर एमबीआर. पुतण्याने नवी डिस्क आणल्या आणल्या जुन्या विंडोजमधून 'तयार' करून ठेवली होती, आणि तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला न वाचता एमबीआर असं उत्तर दिलं होतं. जमिनीत दोष नव्हता, नोंद चुकीच्या वहीत होती.

उपाय दोन मिनिटांचा. त्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि आपला क्रमांक, मग 'क्लीन', शेवटी 'कन्व्हर्ट जीपीटी'. 'क्लीन' हा शब्द दिसतो सोज्वळ, पण तो 'नक्की का?' असं विचारत नाही. जुनी डिस्क बाहेर होती म्हणून मी निर्धास्तपणे दाबू शकलो.

विंडोज बसायला लागलं. अण्णांनी चहा सांगितला. ६० टक्क्यांच्या आसपास पुन्हा थांबलं: एक फाइल खराब आहे किंवा सापडत नाही, आणि खाली शून्य एक्स ८००७०५७० असा लॉटरीच्या तिकिटासारखा आकडा.

इथे बहुतेक लोक सगळंच एकदम बदलतात. दुसरा पेनड्राइव्ह, दुसरी केबल, दुसरी डिस्क. मग जमलं तरी काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि बिघडलेली वस्तू घरातच राहते. मी एका वेळी एकच बदलतो. आधी पेनड्राइव्ह, कारण पुतण्याने विंडोजची फाइल मोबाइलच्या नेटवर उतरवली होती आणि मध्ये रेंज गेली होती. अशा मोठ्या फाइलचा एक ठसा काढता येतो, ६४ अक्षर-अंकांचा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' नावाची आज्ञा तो काढून देते. कंपनीने जाहीर केलेल्या ठशाशी ताडून पाहिला. जुळला. तरी माझ्याजवळचा दुसरा पेनड्राइव्ह लावून पाहिला. पुन्हा तेच, पण या वेळी ४१ टक्क्यांवर.

थांबण्याची जागा बदलली, की मला रॅमचा संशय येतो. फाइल डिस्कवर जाण्याआधी रॅममधून जाते. तिथे अक्षर बदललं तर दोष फाइलवर येतो. डबा उघडला तर आत पेंडीचा थर. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढून खोडरबराने सोनेरी कडा पुसल्या आणि एकच लावली. पुन्हा अडलं. ती काढून दुसरी लावली, आणि विंडोज थेट शंभर टक्क्यांपर्यंत गेलं.

त्यानंतर संगणक आपोआप बंद होऊन सुरू होतो. तेव्हा पेनड्राइव्ह काढायचा, नाहीतर काही संगणक पुन्हा पेनड्राइव्हवरूनच उठतात आणि 'भाषा निवडा' इथून सगळं पुन्हा. मी काढला.

तो संगणक जुना, म्हणून तेव्हा विंडोज १० टाकलं. त्याचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज असाच जुना संगणक घेऊन कुणी विंडोज ११ टाकायला बसलं आणि नकार आला, तर डिस्क परत करायला धावू नये. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक वर्षांनंतरचा प्रोसेसर लागतो. तिथे डिस्क बदलून उपयोग नाही.

साडेअकराला लॅपटॉपकडे गेलो. टिकटिक थांबली होती. डिस्कच थांबली होती. फोल्डर उघडला. ९ दिवसांच्या नोंदी पूर्ण, दहाव्या दिवसाची सकाळही होती. संध्याकाळची फाइल उघडत नव्हती.

अण्णा काही बोलले नाहीत. आत जाऊन लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. संगणक आला त्या दिवसापासून सगळे त्यांना हसत होते, तरी ते रोज दोन्हीकडे लिहीत. चष्मा लावून ते वाचू लागले, "एक नंबर, म्हशीचं, साडेचार लिटर, फॅट सहा पॉइंट आठ," आणि पुतण्या टाइप करू लागला.