कोपरा सुटेपर्यंत

सकाळी ९. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपचं शटर वर जातं. पांढरी सेडान रात्रीच आत घेतलीय, कारण उन्हात तापलेल्या गाडीची फिल्म काढायला घेत नाही. पत्रा एका बाजूला गरम, दुसरीकडे थंड असला, की किती ओढायचं याचा हाताला अंदाज येत नाही. पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, सहा वर्षांची, पिवळी पडलेली, बॉनेटवर केसासारख्या चिरा. आधी शाम्पूने धुणं. कडेला साठलेली काळी माती गोंदात मिसळली, तर पुसताना तीच रंगावर ओरखडे काढते.

१० वाजता रंगाची जाडी मोजायचा मीटर. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, फिल्म १५० ते २००. बॉनेटवर बेरीज जुळते. डाव्या फेंडरवर आकडा ५०० पार! मालकांना फोन लावला.

"काका, फेंडर पेंटिंगला गेला होता का?"

"हो, फिल्म लावायच्या आधी एकदा ठोकली होती."

"मग तिथला रंग फिल्मबरोबर उठू शकतो. चालणार असेल तरच हात लावतो."

कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. गॅरेजमध्ये तेवढी उष्णता देता येत नाही, आणि खालची घासाई घाईत झाली असेल तर पकड आणखी कच्ची. काका हो म्हणाले.

११ ला बॉनेट. स्टीमर सतत फिरता. पत्रा ६० अंशांपर्यंत आला की पुरे. कोपरा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचा, स्टीलचं ब्लेड रंगाजवळ नको. मग फिल्म स्वतःवरच दुमडून, पत्र्याला लागून मागे ओढायची. वर खेचली की सगळा जोर रंगावर येतो. नवीन पोराला हे हात धरूनच शिकवावं लागतं. कोपरा सुटला की त्याला वेग घ्यावासा वाटतो. जुनी फिल्म तुकड्यातुकड्यांनी तुटते, खाली गोंद राहतो. तुटली की पुन्हा वाफ, पुन्हा कोपरा. बॉनेट होईपर्यंत दीड वाजतो, मग डबा.

अडीच ते चार, गोंद. संत्र्याच्या सालीच्या तेलाचं रिमूव्हर लावून थोडं थांबायचं, मऊ पडलेला गोंद मायक्रोफायबरने उचलायचा, शेवटी पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनरने काम झटपट होतं, पण गॅरेजचा रंगही त्याने मऊ पडतो. आमच्याकडे थिनरचा डबा या कामाजवळ येत नाही.

साडेचारला फेंडर. चाकाच्या कमानीवर रंगाला बारीक फुगा दिसला. ओढणं थांबवलं, पत्रा थोडा निवू दिला, आणि दुसऱ्या टोकाकडून कमानीकडे आलो. तरी नखाएवढी खपली निघालीच. फोटो काढून काकांना लगेच पाठवला.

६ वाजता दिव्याखाली तपासणी. फिल्म जिथे संपत होती तिथे फिकट रेघ उरलीय. पॉलिश उद्या. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणून आधी उघड्या रंगावर मीटर पुन्हा फिरवायचा.