हाताला काम (भाग 7) : कडक कोणाशी?

यवतमाळ जिल्ह्यात फेब्रुवारी सरता सरता कापसाची शेवटची वेचणी आटोपते, पऱ्हाट्या उपटून होतात आणि कोरडवाहू गावात मृगापर्यंत मजुरी उरत नाही. ओलिताची शेती आहे तिथे हरभरा-गहू निघेपर्यंत थोडंफार काम असतं, पुढे तेही नाही. पुसद-महागावकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीचे ट्रक दिवाळीच्या आगेमागेच गेलेले असतात. गावात राहतात त्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना सोडून जाऊ न शकणाऱ्या बाया, आणि केळापूर, झरी-जामणी, मारेगावकडच्या पोडांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे, कोलाम आदिवासी. काम नसलेल्या या माणसांना सरकारने मदत करताना किती कडक असावं?

‘चांगलं कडक असावं’ असं म्हणणारा शेतकरी याच गावात भेटतो. पाच एकरांचा धनी. निंदणाला वेळेवर बाया मिळत नाहीत, वेचणीचा किलोमागचा दर चढत जातो आणि कापसाच्या भावाचा भरवसा नाही. सरकार फुकट पैसे वाटतं म्हणून मजूर घरी बसतात, असं त्याला वाटतं. त्याची अडचण खरी आहे, तिला उत्तर दिलंच पाहिजे. पण त्या उत्तरासाठी आधी रोजगार हमीची मूळ रचना नीट पाहायला हवी.

ही रचना महाराष्ट्राची आणि तिच्यात यवतमाळचा वाटा मोठा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला पहिला प्रयोग केला. तो राज्यभर नेला तो पुसद तालुक्यातल्या गहुलीचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने, 1972 च्या दुष्काळात. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर लावला गेला. नोकरदारांच्या पगारातून आजही कापला जातो तोच. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या हमीचा भार उचलायचा, असा तो करार होता. 2005 मध्ये केंद्राने हीच कल्पना देशासाठी घेतली आणि 2 फेब्रुवारी 2006 ला ज्या पहिल्या 200 जिल्ह्यांत ती सुरू झाली त्यांत यवतमाळ होता.

या योजनेत उत्पन्नाचा दाखला लागत नाही, दारिद्र्यरेषेचं कार्डही लागत नाही. अट एकच : अंगमेहनत. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना वरची काळी माती संपून मुरूम लागतो. कुदळ मारली की हात झिणझिणतात. पुरुष खणतो, बाई टोपलं उचलून बांधावर नेऊन टाकते. आठवड्याच्या शेवटी खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजतात, आणि मजुरी पडते ती त्या मापावर. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये ठरला, पण माप कमी भरलं तर मजुरीही कमी. शेतात बरी मजुरी मिळत असताना कोण मुरूम खणायला जाईल? म्हणून वेचणीच्या दिवसांत या कामांची मागणी आपोआप ओसरते आणि मार्च-एप्रिलमध्ये वाढते. गरज आहे की नाही याची इतकी चोख परीक्षा दुसऱ्या कुठल्या योजनेत नसेल. फुकट खाणारा पहिल्या दिवशी दुपारीच घरी जातो.

आणि कायदा एकट्या मजुराशी कडक नव्हता. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता : पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा. 312 च्या दराने 78 आणि 156 रुपये. मजुरीही 15 दिवसांत. उशीर झाला तर रोज 0.05 टक्के भरपाई. सहा दिवसांच्या 1872 रुपयांवर ही भरपाई दिवसाला 94 पैसे होते. उशीर करणाऱ्या यंत्रणेला 94 पैशांचा धाक कसा वाटावा?

भत्त्याची गत याहून वाईट. तो राज्याला द्यावा लागतो, त्यामुळे तो लागूच होऊ नये अशी कागदाची वाट शोधली जाते. मजूर ‘नमुना 4’ भरून काम मागतो. त्याची तारखेसह पोच मिळायला हवी. ती बहुतेक वेळा मिळत नाही. काम मंजूर झालं, मस्टर निघालं की मागची मागणी नव्या तारखेने नोंदवली जाते. दोन महिने वाट पाहिलेला माणूस कागदावर चार दिवसांत काम मिळालेला ठरतो.

हे आजचं नाही. 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर रोजगार हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि त्यानंतर कामंच आवळली गेली. कायद्यात हमी तशीच राहिली, पण कामाची मागणी दारातच अडू लागली. अट कायद्यात लिहिली असेल तर तिच्याशी भांडता तरी येतं. टेबलावर तयार होणाऱ्या अटीशी कसं भांडणार?

अलीकडची कडकाई मोबाइलमधून येते. जानेवारी 2023 पासून हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो. उन्हाळ्यात मजूर पहाटे येऊन दहा-अकरापर्यंत माप पुरं करतात; आता दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबा, नाहीतर पुन्हा या. पोडावर रेंज नसेल तर हजेरी चढत नाही. जानेवारी 2024 पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच देणं सक्तीचं झालं. जॉबकार्डावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असलं की पैसे अडकतात. खोट्या मस्टरांचा रोग खरा होता, मान्य. पण ती मस्टरं खणणाऱ्या बाईने लिहिली नव्हती, आणि हेलपाटे आज तीच घालते.

जर्मनीतही कामाची अट आहे : बेरोजगाराने सुचवलेलं काम नाकारलं तर भत्ता कापतात. 2019 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने सांगितलं की 30 टक्क्यांहून जास्त कपात माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही. अट घालण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मानला, पण शिक्षेला मर्यादा घातली. आपल्याकडे जॉबकार्डाच्या यादीतून नाव कटलं की मजुरी शंभर टक्के जाते, आणि ती शिक्षा होती हे कुणी मानतही नाही.

आता त्या शेतकऱ्याच्या अडचणीकडे येतो. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ‘जी राम जी’ या लघुनावाचा नवा कायदा केला. त्यात हमीचे दिवस 100 वरून 125 केले, पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची तरतूदही घातली. बहुतेक राज्यांसाठी खर्चाचा 40 टक्के वाटा आता राज्याचा. हंगामबंदीमागचा हेतू मला समजतो, तरी यवतमाळसाठी ती मला चुकीची वाटते. इथे जुलैत पाऊस ओढ देतो, दुबार पेरणीचं संकट येतं. तेव्हा शेतकऱ्याकडे काम नसतं आणि कागदावर मात्र हंगाम चालू असतो. मजुराने त्या दिवसांत काय खायचं? शेतकऱ्याला मजूर हवा असेल तर निंदण, वेचणी यांसारख्या कामांच्या मजुरीचा काही भाग लहान शेतकऱ्यासाठी सरकारने उचलावा. त्यात दोघांचंही भागेल.

माझं मत म्हणून सरळ आहे : कामाची अट ठेवावी, बाकीची कडकाई कार्यालयाकडे वळवावी. ‘नमुना 4’ ची पोच न देणाऱ्याला दंड व्हावा. कोणी कधी काम मागितलं याची यादी तारखेसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी. सोळाव्या दिवशी भत्ता आपोआप खात्यात पडावा, त्यासाठी वेगळा अर्ज नको.

यवतमाळच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या पदवीधर पोराला मात्र ही अट लावून उपयोग नाही. त्याच्या हाती कुदळ देणं हे उत्तर नव्हे. राज्याने 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली : बारावीला महिना 6 हजार, आयटीआयला 8 हजार, पदवीधराला 10 हजार, तेही आधी सहाच महिने. ते संपल्यावर काय, हा विषय पुढच्या भागात घेऊ.